पांढऱ्या पेशींना जाग कशानं येते?

गेल्या पावसाळ्यात आम्ही एका घरी गेलो होतो. घरातल्या कर्त्या माणसाला फुप्फुसाचा टीबी निघाला होता. औषधं सुरू होऊन पंधरा दिवस झाले होते. घरात बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि साडेतीन महिन्यांचं बाळ. फळीवर पावडरीचे दोन डबे मांडून ठेवलेले. त्यांवर मोठ्या अक्षरांत ‘प्रतिकारशक्ती वाढवा’. दोन्ही मिळून साडेअकराशे रुपयांचे. एक मुलीसाठी, दुसरा स्वतःसाठी. आईनं खाल्लं तर अंगावरच्या दुधातून बाळालाही लागेल, असा त्या माउलीचा हिशेब.

आम्ही बाळाचं लसीचं कार्ड मागितलं. दीड महिन्याची पेंटाव्हॅलंट लस झाली होती. अडीच महिन्यांची राहिली होती. का राहिली, असं विचारल्यावर ती म्हणाली, “सिस्टर, सुई दिली की पोर दोन दिवस तापतं, रात्रभर रडतं. या पावडरीनं बघा, काहीसुद्धा होत नाही.”

तिच्यावर रागवायचं कारण नव्हतं. तिनं जे पाहिलं होतं ते बरोबर होतं. सुईनं काहीतरी होतं, पावडरीनं काहीच होत नाही. फक्त त्याचा अर्थ उलटा लावला गेला होता. तो सरळ कसा लावायचा, ते या वेळी समजून घेऊ.

आपल्या रक्तातली माणसं

रक्तात तांबड्या पेशी असतात तशा पांढऱ्या पेशीही असतात. हाडांच्या आतल्या मगजात त्या तयार होतात. निरोगी मोठ्या माणसाच्या रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये, म्हणजे एका थेंबापेक्षाही कितीतरी कमी रक्तात, साधारण ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. सीबीसीच्या रिपोर्टवर हाच आकडा येतो. त्याखाली पाच नावं असतात. ती रिपोर्ट हातात घेऊन एकदा वाचून पाहा.

न्यूट्रोफिल सगळ्यांत जास्त. पू करणाऱ्या जंतूंवर पहिल्यांदा ह्याच धावतात. गळवातला पू म्हणजे बहुतेक मेलेल्या न्यूट्रोफिलच. लिम्फोसाइट या ओळख लक्षात ठेवणाऱ्या पेशी. विषाणू, टीबी आणि लस यांच्या कामात त्या पुढे असतात. मोनोसाइट रक्तातून बाहेर पडून अवयवांत जातात, जंतू गिळतात आणि बाकीच्यांना निरोप धाडतात. इओसिनोफिल जंत आणि अ‍ॅलर्जी असली की वाढतात. बेसोफिल अगदी थोड्या असतात, त्याही अ‍ॅलर्जीच्या कामात दिसतात.

म्हणजे ‘प्रतिकारशक्ती’ नावाची एकच वस्तू शरीरात नाही, की जी एका डब्यानं वर चढवता येईल. वेगवेगळ्या पेशी वेगवेगळ्या हाकेला ओ देतात. हाक कुणाची आहे, यावर कोण उठणार ते ठरतं.

गुलाबाचा काटा

हे पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं इल्या मेचनिकोव्ह या शास्त्रज्ञानं. १८८२ साली इटलीतल्या मेसिना गावी त्यानं ताराम्याशाच्या पारदर्शक पिल्लाच्या अंगात गुलाबाचा काटा टोचून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर काट्याभोवती हलणाऱ्या पेशी गोळा झालेल्या. कुणीतरी परकं आत आलं की पेशी चालून जातात, हे तिथं दिसलं. या कामासाठी त्याला १९०८ साली पॉल एर्लिक यांच्यासोबत नोबेल पारितोषिक मिळालं.

पण पेशींना परकं ओळखू कसं येतं? त्याचं उत्तर मिळायला पुढं शंभरावर वर्षं गेली. पेशींच्या अंगावर जणू कुलपं असतात. जंतूंच्या अंगावर काही ठरावीक पदार्थ असतात, त्या किल्ल्या. टायफॉइड, डांग्या खोकला आणि असे कितीतरी जंतू यांच्या बाहेरच्या सालीत चरबी आणि साखर मिळून बनलेला एक पदार्थ असतो. त्याला शास्त्रज्ञ एलपीएस म्हणतात. तो मोनोसाइटच्या कोणत्या कुलपात बसतो, हे ब्रूस बॉयटलर यांच्या गटानं १९९८ साली दाखवलं. २०११ साली त्यांना नोबेल मिळालं.

प्रयोगशाळेत माणसाचं थोडं रक्त नळीत घेऊन त्यात एलपीएसचा अगदी कण टाकला, तरी काही तासांतच मोनोसाइट निरोपाचे पदार्थ सोडू लागतात. हेच शरीरात घडलं की निरोप मेंदूपर्यंत पोहोचतो आणि मेंदू अंगाचं तापमान वाढवतो. ताप येतो. निरोप यकृताला पोहोचला की ते सीआरपी नावाचं प्रथिन बनवतं. कोविडच्या दिवसांत आपल्यापैकी कितीतरी जणांनी सीआरपीची तपासणी केली होती, ती हीच.

आणखी एक गोष्ट. त्याच पेशींना एलपीएस पुन्हा पुन्हा दिलं, तर त्यांचा आवाज कमी होत जातो. सतत कुणी ओरडत राहिलं तर आपणही कान बंद करतो, तसंच. पेशींना दिवसरात्र चढवून ठेवता येत नाही. ठेवता आलं असतं तर माणूस जगला नसता. जंतू रक्तात पसरून पेशी बेभान झाल्या की त्याच निरोपांनी रक्तदाब कोसळतो आणि माणूस दगावतो. कोविडमध्ये ऑक्सिजन लागलेल्या रुग्णांना रुग्णालयात डेक्सामेथासोन दिलं जायचं. ते प्रतिकार वाढवायला नव्हतं, उसळलेला प्रतिकार आवरायला होतं.

सुईनंतरचा ताप

आता त्या बाळाकडे येऊ. पेंटाव्हॅलंट लसीत पाच रोगांविरुद्धचा ऐवज असतो: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिपॅटायटिस बी आणि हिब. आपल्या सरकारी केंद्रात मिळणाऱ्या लसीत डांग्या खोकल्याचे मारलेले अख्खे जंतू असतात. जंतू मेलेला असतो, रोग देऊ शकत नाही. पण त्याची साल तशीच असते. पेशी ती साल ओळखतात आणि निरोप सोडतात. म्हणून पहिल्या एक-दोन दिवसांत ताप येतो, मांडी सुजते, बाळ किरकिर करतं. लसीत अ‍ॅल्युमिनियमचा क्षारही थोडा असतो. तो पेशींना सुईच्या जागी बोलावून घेतो, म्हणजे ओळख पक्की होते.

लस बदलली की प्रतिसादाची वेळही बदलते. गोवर-रुबेलाच्या लसीत कमजोर केलेले जिवंत विषाणू असतात. ते शरीरात थोडे वाढल्याशिवाय पेशींना कळत नाही. म्हणून तो ताप आलाच, तर साधारण आठवड्या-दीड आठवड्यानं येतो. जन्मल्यावर डाव्या दंडावर देतात ती बीसीजी आणखी वेगळी. तिच्यातला कमजोर केलेला जंतू हळू वाढतो. काही आठवड्यांनी तिथं फोड येतो, फुटतो आणि वण राहतो. त्या फोडाला हळद, तेल, मलम काही लावू नका. तिथं मोनोसाइट आणि लिम्फोसाइट यांची पहिली ओळखपरेड चाललेली असते.

मारलेला जंतू दिल्यानं ताप येतो, हे मुंबईनं फार पूर्वी पाहिलं आहे. प्लेगच्या साथीत वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. त्यांना ताप आला, टोचलेली जागा दुखली. ती लस म्हणजे उष्णतेनं मारलेले प्लेगचे जंतू होते. परळच्या संस्थेला त्यांचंच नाव आहे.

इथं एक खुलासा. ताप आला नाही म्हणजे लस लागली नाही, असं नाही. पुष्कळ मुलांना ताप येतच नाही आणि तरी ओळख पक्की होते. ताप आला तर घाबरायचं नाही, नाही आला तरी काळजी करायची नाही. मात्र ताप तीन दिवसांवर गेला, बाळ तीन तास न थांबता रडलं, झटके आले किंवा अंग ढिलं पडलं, तर लगेच दवाखाना गाठायचा.

एकाच रक्ताच्या तीन नळ्या

वेगवेगळ्या हाकेला पेशी वेगळी ओ देतात, याचा सगळ्यांत सोपा पुरावा टीबीच्या एका रक्ततपासणीत मिळतो. तिचं नाव इग्रा. घरात टीबीचा रुग्ण असेल तर बाकीच्यांच्या अंगात जंतू लपलेला आहे का, हे त्यावरून कळतं.

माणसाचं रक्त वेगवेगळ्या नळ्यांत घेतात. पहिल्या नळीत पेशींना हाक देणारं काहीच नसतं. दुसऱ्या प्रकारच्या नळीत टीबीच्या जंतूची निवडक प्रथिनं असतात. आणि तिसऱ्या नळीत काय असतं? राजम्याच्या दाण्यातून काढलेला एक पदार्थ. पीएचए त्याचं नाव. सगळ्या नळ्या अंगाच्या उष्णतेइतक्या उबेत, ३७ अंशांवर, १६ ते २४ तास ठेवतात. मग लिम्फोसाइटनी सोडलेलं इंटरफेरॉन गॅमा नावाचं निरोपाचं रसायन मोजतात.

राजम्याचा पदार्थ तिथं कशाला? त्याची गोष्ट अशी. पूर्वी रक्तातल्या तांबड्या पेशींचा गठ्ठा करून त्या बाजूला काढायला पीएचए वापरत. १९६० साली अमेरिकेत पीटर नॉवेल यांच्या लक्षात आलं, की याच पदार्थामुळे रक्तातल्या शांत लिम्फोसाइट वाढून दुभंगू लागतात. तोवर समज असा होता, की या पेशी आता पुढं वाढणार नाहीत. पीएचए कोणत्या एका रोगाची ओळख विचारत नाही. तो सरसकट सगळ्यांना उठवतो. म्हणून तिसरी नळी विचारते, “पेशी जाग्या होण्याच्या स्थितीत तरी आहेत का?” दुसरी नळी विचारते, “टीबीला ओळखता का?” पहिली पाहते, की कुणी हाक न मारताच गोंगाट चालू आहे का.

दुसरी नळी बोलली, तर टीबीच्या जंतूशी गाठ पडलेली आहे. दुसरी गप्प आणि तिसरी बोलली, तर ओळख नाही. दुसरी गप्प आणि तिसरीही गप्प, तर रिपोर्टवर ‘इनडिटरमिनेट’ येतं, म्हणजे निकाल लागत नाही. एचआयव्ही, स्टेरॉइडची औषधं, फार कुपोषण किंवा लॅबमध्ये रक्त पोहोचायला झालेला उशीर, यांमुळे असं होऊ शकतं. असा रिपोर्ट म्हणजे ‘टीबी नाही’ असा अर्थ काढू नका.

मांटू तपासणी त्याच तत्त्वावर, फक्त ती नळीत नाही, हाताच्या कातडीत होते. टीबीच्या प्रथिनांचा थेंब कातडीत देतात. ओळखणाऱ्या लिम्फोसाइट तिथं जमतात, त्यांना दोन-तीन दिवस लागतात. म्हणून ४८ ते ७२ तासांनी दाखवायला जावंच लागतं. लाली मोजत नाहीत, हाताला लागणारी कडक गाठ मोजतात. साधारण १० मिलिमीटर किंवा जास्त असेल तर पॉझिटिव्ह धरतात. एचआयव्ही असेल तर ५ मिलिमीटरलाच. बीसीजी घेतलेल्यांमध्ये मांटूचा कधी गोंधळ होतो. इग्रातली प्रथिनं बीसीजीच्या जंतूत नसतात, म्हणून तिथं तो होत नाही.

दोन्ही तपासण्यांबद्दल एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. पॉझिटिव्ह म्हणजे आजार झालाच असं नाही, जंतूची ओळख आहे एवढंच. आजार आहे का, हे लक्षणं, छातीचा एक्स-रे आणि बेडक्याच्या तपासणीवरून ठरतं. आणि खोकला दोन आठवड्यांवर असेल, तर मांटू निगेटिव्ह असली तरी बेडका तपासायचाच.

मग डब्याचं काय?

काही डब्यांवर लिहिलेलं असतं, ‘पांढऱ्या पेशींना सक्रिय करते, प्रयोगशाळेत सिद्ध’. हे वाक्य खोटं असेलच असं नाही. वनस्पतीचा अर्क नळीतल्या पेशींवर टाकला तर त्या निरोप सोडू शकतात. पण राजमाही तेच करतो. म्हणून कुणी कच्चा राजमा खाऊन पाहावा का? कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्यानं उलट्या आणि जुलाब होतात, ते याच पीएचएमुळे. भिजवून, पाणी टाकून, कुकरमध्ये नीट शिजवला की हा पदार्थ नष्ट होतो आणि राजमा अन्न बनतो. नळीत घडतं ते पोटातून गेल्यावर माणसात घडेलच असं नाही, आणि घडलं तर ते चांगलंच असेल असंही नाही. त्यातून काही अर्कांत जंतूंचं एलपीएस मिसळलेलं निघतं. मग पेशी नक्की कशानं उठल्या, हेही कळत नाही.

डब्यातली प्रथिनं पोटात पचतात, डाळीची पचतात तशीच. त्यांना टीबीची किंवा गोवराची ओळख पेशींना शिकवता येत नाही. अंगात एखादं जीवनसत्त्व कमी असेल तर ते भरून काढण्याचा फायदा होतो. पण कमी आहे की नाही, ते डॉक्टरांनी पाहायचं, डब्यावरच्या जाहिरातीनं नाही.

दुसरा फसवा उपाय म्हणजे ‘ताकदीची सुई’. पटकन बरं वाटावं म्हणून काही ठिकाणी स्टेरॉइडची सुई देतात, असं आम्ही वर्षानुवर्षं पाहत आलो आहोत. स्टेरॉइड दिल्यावर रक्तवाहिन्यांच्या कडेला चिकटून बसलेल्या न्यूट्रोफिल प्रवाहात येतात आणि रिपोर्टवर पांढऱ्या पेशींचा आकडा वाढलेला दिसतो. प्रत्यक्षात लिम्फोसाइट कमी झालेल्या असतात आणि पेशींचं काम मंदावलेलं असतं. आकडा वर, ताकद खाली. लपलेला टीबी अशा वेळी डोकं वर काढू शकतो. डॉक्टरांनी आजार पाहून, ठरवून दिलेलं स्टेरॉइड वेगळं. ते मनानं बंदही करू नका. पण कसली सुई आहे, हे विचारायचा हक्क प्रत्येकाला आहे. चिठ्ठीवर नाव लिहून मागा.

डाळ-तांदळाचा पुरावा

झारखंडमध्ये टीबी रुग्णांच्या घरांत एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली दहा हजारांवर माणसं त्यात होती. अन्न सगळ्याच रुग्णांना दिलं. निम्म्या घरांत मात्र रुग्णाबरोबर बाकीच्या माणसांनाही महिन्याचं रेशन दिलं: मोठ्या माणसामागे ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या. ज्या घरांत सगळ्यांना रेशन मिळालं, तिथं नव्यानं टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं.

या अभ्यासात पेशी मोजल्या नाहीत, माणसं मोजली. कोण आजारी पडलं, कोण नाही. आपल्याला तोच हिशेब हवा. साडेअकराशे रुपयांत किती डाळ, किती अंडी, किती शेंगदाणे येतात, हे वस्तीतल्या बायकांना आम्ही सांगायची गरज नाही.

टीबीचा रुग्ण असलेल्या घरानं काय करायचं

१. घरातल्या प्रत्येकाची तपासणी करून घ्या. फक्त खोकणाऱ्याची नाही.

२. पाच वर्षांखालच्या मुलांना आजार नाही याची खात्री झाली, की मांटू-इग्राशिवायही प्रतिबंधक औषध सुरू करता येतं. मोठ्यांसाठीही ते आहे. सरकारी केंद्रात ते मोफत मिळतं. कोणतं औषध, किती दिवस, हे डॉक्टर ठरवतील. सुरू केलेलं पूर्ण करा.

३. मांटू केली तर तिसऱ्या दिवसाच्या आत हात दाखवायला जा. खाडा बुडेल म्हणून टाळू नका, नाहीतर पहिली फेरी वाया जाते.

४. राहिलेली लस पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही. राहिली तिथून पुढं घ्यायची. तापासाठी पॅरासिटामॉल किती द्यायचं, हे वजन सांगून आशाताई किंवा नर्सकडून लिहून घ्या.

५. रुग्णाला पोषणासाठी निक्षय योजनेतून महिन्याला १,००० रुपये मिळतात. बँक खातं जोडलं आहे का, ते विचारा.

६. पावडर, टॉनिक, सलाईन यांवर खर्च करण्याआधी विचारा: यातून कोणत्या पेशीला कोणती ओळख मिळणार? उत्तर मिळालं नाही तर पैसे खिशात ठेवा.

त्या घरातल्या मुलीची मांटूची गाठ १४ मिलिमीटर आली. एक्स-रे साफ होता. बाळालाही आजार नव्हता. आईसकट तिघांचं प्रतिबंधक औषध सुरू झालं. बाळाची राहिलेली सुई पुढच्याच लसीकरणाच्या दिवशी झाली. रात्री ताप आला. सकाळी आम्ही डोकावलो, तर आई बाळाला मांडीवर घेऊन पाजत होती. शेजारीण म्हणाली, “पुन्हा तापलं ना पोर?” तेव्हा ही म्हणाली, “तापू दे. ओळख करून घेतंय.”

डबे फळीवर तसेच होते. एक रिकामा झाला होता. त्यात तिनं तूरडाळ भरून ठेवली होती.